फादर सेक्की आणि तांबडे तारे

रोम शहरांतील संत इग्नेशियस यांच्या भव्य ख्रिस्तमंदिरावर घुमट नाहीं. तो बांधावयाचा राहून गेला. आंत उभें राहून वर पाहिलें असतां जो घुमट दिसतो तो केवळ चितारलेला आहे. परंतु घुमटाचें ओझें पेलण्यासाठीं उभारलेले भक्कम खांब तसेच होते, आणि त्यांच्याच आधारावर फादर अँजेलो सेक्की यांनीं आपली दुर्बीण बसविली. ह्या ज्योतिर्विद धर्मगुरूंचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

सेक्की यांचा जन्म इटलींतील रेज्जो एमिलिया येथें १८१८ सालीं झाला. पंधराव्या वर्षीं ते येशूसंघांत शिरले. १८४८ च्या राज्यक्रांतींत संघाच्या लोकांना रोम सोडावें लागलें. तेव्हां सेक्की प्रथम इंग्लंडांत व मग अमेरिकेंत जॉर्जटाऊन येथें राहिले. त्याच वर्षीं रोमच्या वेधशाळेचे प्रमुख फादर दे व्हिको हेहि परागंदा असतां लंडनमध्यें वारले. सेक्की परतले व त्यांच्या जागीं नेमले गेले.

१८६३ पासून ते ताऱ्यांचा प्रकाश लोलकांतून नेऊन त्याचा वर्णपट पाहूं लागले. छायाचित्रें घेण्याची सोय नव्हती. डोळ्यांनीं पाहावें आणि हातानें रेखाटावें, असें चार हजारांवर ताऱ्यांचें काम! प्रथम त्यांनीं तीन वर्ग पाडले. कांहीं मंद, गडद तांबडे तारे मात्र कोठेंच बसेनात. त्यांच्यासाठीं १८६८ सालीं त्यांनीं चौथा वर्ग केला, आणि वर्णपटांतील काळे पट्टे कर्बाचे आहेत हें ओळखलें.

कर्ब तेथें आला कोठून, हें विसाव्या शतकांत उमगलें. सूर्याच्या दीडदोन पट जड तारा वृद्ध झाला म्हणजे फुगून तांबडा होतो. त्याच्या पोटांत हेलियमपासून कर्ब बनतो. गाभ्याभोंवतीं हेलियमचा थर वरचेवर भडकतो, आणि त्यानंतर आधणासारखा खालवर होणारा वायु तो कर्ब पृष्ठाशीं आणतो. एरवीं ताऱ्याच्या पृष्ठावर प्राणवायु अधिक असल्यामुळें कर्ब त्याच्याशीं जखडून राहतो. कर्बाचे अणु संख्येनें वरचढ झाले कीं उरलेला कर्ब आपसांत व नायट्रोजनशीं जुळतो, निळा प्रकाश गिळतो, आणि तांबडा तारा अधिकच तांबडा दिसतो. हें कांहींच ठाऊक नसतां सेक्कींनीं ते तारे अचूक निराळे काढले, ह्याचें आम्हांस मोठें नवल वाटतें.

१८७० सालीं इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें आणि पुढें संघाचीं विद्यालयें जप्त झालीं. सेक्कींना मात्र वेधशाळेंतून कोणी हलविलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८७८ रोजीं ते निवर्तले. त्यानंतर ती वेधशाळाहि सरकारनें ताब्यांत घेतली.