भाऊ दोन, देश दोन

उस्ताद बडे गुलाम अलीखाँ १९०२ साली पंजाबातील कसूर येथे जन्मले. १९४७ च्या फाळणीत कसूर पाकिस्तानात गेले. खाँसाहेब काही काळ तिकडे राहिले, पण जीव रमेना. अखेर हिंदुस्थानात परतून त्यांनी येथले नागरिकत्व घेतले. धाकटे बंधू बरकत अलीखाँ मात्र लाहोरासच राहिले व १९६३ साली वारले. दोघेही पंजाबी अंगाच्या ठुमरीचे बादशहा! संस्थान गेल्यावर दरबारी गवयांची झालेली परवड मी वडिलांकडून ऐकली आहे. आश्रय दुसरा मिळतो, भाऊ कोठून मिळायचा? ती ठुमरी शिकवताना मी हटकून अडखळतो. खाँसाहेबांना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९६८ साली ते आपल्या हैदराबादेत निवर्तले. त्यांची कबर येथेच, दायरा मीर मोमीनमध्ये आहे.