शत्रूच्या लेकरांचा फोटो वाटला म्हणून अटक झाली! एग्लंटाइन जेब यांची कहाणी

वरणगाव : आपल्या गावाचं नाव काढलं की बाहेरचा माणूस पहिलं फॅक्टरीचंच विचारतो. १९६४ पासून इथं बंदुकीच्या गोळ्या बनतात. त्या पगारावर कितीतरी घरं उभी राहिली, पोरं शिकली. जवानाच्या हातात आपल्या गावची गोळी असते याचा अभिमान आहेच. पण लढाई संपल्यावर मागं उरलेल्या लेकरांचं काय होतं, हे जगाला छापून दाखवणारी एक बाई होऊन गेली. आज १७ डिसेंबर, तिची पुण्यतिथी.

एग्लंटाइन जेब. जन्म २५ ऑगस्ट १८७६, इंग्लंडमधलं श्रॉपशायर. घर जमीनजुमल्याचं, खातंपितं. ऑक्सफर्डला इतिहास शिकल्या, मग शाळेत मास्तरीण झाल्या. वर्षभरातच कळलं की हे काम आपलं नाही. गंमत बघा, पुढं मुलांच्या नावानं जगभर ओळखल्या गेलेल्या या बाईंना लहान पोरांच्या गलक्याची फारशी आवड नव्हती. लग्न केलं नाही, स्वतःचं मूल नाही. तब्येतही नाजूक, गळ्याच्या गाठीचं दुखणं आयुष्यभर पाठीमागं.

केंब्रिजला राहून त्यांनी तिथल्या गरिबीची पाहणी केली आणि १९०६ साली त्यावर पुस्तक काढलं. १९१३ साली बाल्कन युद्धात घरदार सुटलेल्या लोकांना मदत पोचवायला मॅसिडोनियात गेल्या. उघड्यावर पडलेली कुटुंबं तिथं डोळ्यांनी पाहिली. परत येतात न येतात तोच पहिलं महायुद्ध पेटलं.

नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या, पण इंग्लंडनं जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठवली नाही. समुद्रातून धान्य जाऊ देत नव्हते. तिकडं पोरं उपासमारीनं मरत होती आणि इकडच्या लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. जेब यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन युद्धकाळात परदेशी वर्तमानपत्रांतले उतारे भाषांतर करून छापायची. त्यातून या बहिणींना खरी हकीकत कळत होती.

मग १९१९ च्या वसंतात जेब लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पत्रकं वाटायला उभ्या राहिल्या. पत्रकावर ऑस्ट्रियातल्या एका उपाशी बाळाचा फोटो, आणि हे आपल्या नाकेबंदीनं झालंय असा उघड आरोप. लढाईत ज्यांची मुलं गेली त्या गावात शत्रूच्या लेकराचा फोटो वाटायचा म्हणजे काय, ते ज्याच्या घरातला माणूस फौजेत आहे त्यालाच कळेल. सरकारी परवानगीशिवाय पत्रक छापलं म्हणून पोलिसांनी पकडलं. कोर्टात त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. दोष सिद्ध झाला, दंड ५ पौंड. पण खटला संपल्यावर सरकारी वकील आर्चिबाल्ड बॉडकिन यांनीच खिशातून ५ पौंड काढून त्यांच्या हातावर ठेवले. सेव्ह द चिल्ड्रन संस्थेची ती पहिली देणगी समजली जाते.

१९ मे १९१९ ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा झाली. काही लोक सडकी सफरचंदं घेऊन आले होते म्हणतात, फेकून मारायला. बाईंचं बोलणं ऐकून हात खाली गेले. त्या दिवशी संस्था सुरू झाली. पुढच्या वर्षी जिनिव्हात तिची आंतरराष्ट्रीय शाखा निघाली.

जेब यांचा भर छापण्यावर. १९२० पासून संस्थेचं मासिक निघू लागलं. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती दिल्या. दानधर्माचा पैसा जाहिरातीत घालवता, अशी टीका झाली. टीका अगदीच चुकीची नव्हती असं आम्हाला वाटतं, पण त्या जाहिरातींनी पैसा आला हेही खरं.

१९२१ ला रशियात मोठा दुष्काळ पडला. संस्थेनं धान्याचं जहाज पाठवलं, व्होल्गाकाठच्या सारातोव्ह भागात मुलांसाठी अन्नछत्रं उघडली. लंडनमधली काही वर्तमानपत्रं मात्र लिहू लागली की दुष्काळबिष्काळ काही नाही. आज आपल्या मोबाईलवर युद्धातल्या पोराचा फोटो आला की खाली लगेच कुणीतरी खोटा आहे म्हणून लिहितो, तसंच. जेब वाद घालत बसल्या नाहीत. कॅमेरावाला रशियात धाडला, फिल्म काढून आणली आणि इंग्लंडभर दाखवली.

१९२३ मध्ये त्यांनी मुलांच्या हक्कांचा ५ कलमांचा एक मसुदा केला. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला औषध, अनाथाला आसरा. संकटात मदत पहिली मुलाला. आणि कुणी त्याला राबवून घेऊ नये. २६ सप्टेंबर १९२४ ला राष्ट्रसंघानं तो स्वीकारला. १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार त्याच वाटेनं आला. भारतानं तो ११ डिसेंबर १९९२ ला मान्य केला.

युद्धातली लेकरं आपल्या महाराष्ट्रातही आली होती, हे अनेकांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, त्यात बहुतेक बाया आणि मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. मुलांच्या शाळाही तिथं भरायच्या. कापडासाठी आपले व्यापारी जिथं जातात ते गांधीनगर म्हणजे तीच जागा.

हे बघायला जेब नव्हत्या. १७ डिसेंबर १९२८ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं, वय अवघं ५२. तिथल्याच एका दफनभूमीत त्यांना पुरलं. २०२४ मध्ये जिनिव्हा शहरानं त्यांच्या अस्थी सन्मानानं हलवून नामवंतांच्या दफनभूमीत ठेवल्या.