कुलूपवाल्याचा मुलगा

गेल्या उन्हाळ्यात शेळगावच्या आमच्या विहिरीवरची मोटार दोनदा जळाली. दोन्ही वेळा अण्णांनी ती बारामतीला नेऊन वाइंडिंग करून आणली. दुसऱ्या वेळचे पैसे माझ्या हॉस्टेलच्या फीमधून गेले. मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकलेला. तरीही वायरमनने मीटर लावून दाखवलेले आकडे मी वहीत टिपून ठेवले. पेटीपाशी २३० व्होल्ट, मोटार चालू असताना विहिरीवर १९०, आणि तारेतून वाहणारी धारा १० अँपिअर. या आकड्यांच्या पाठीमागे एक माणूस उभा आहे, हे ग्रंथालयात बसल्यावर समजले. शाळेत त्याचे नाव सूत्रापुरते भेटले होते. त्याचे आयुष्य कोणी सांगितले नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉर्ज सायमन ओमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. बाप कुलपे बनवणारा कारागीर. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या माणसाने स्वतःच्या हिमतीवर गणित आत्मसात केले आणि ते आपल्या मुलांना शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. पुढे तो एर्लांगेनच्या विद्यापीठात गेला आणि तिथे नाच, बिलियर्ड्स व बर्फावरच्या स्केटिंगमध्ये रमला! बापाने रागाने त्याला तिथून काढून स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकीला धाडले. (आमच्या हॉस्टेलच्या कॅरम खेळणाऱ्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.) १८११ साली त्याने डॉक्टरेट मिळवली, पण पोटापुरते मिळेना. अखेर १८१७ मध्ये कोलोनच्या एका शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवण्याची नोकरी लागली. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती, आणि बापाकडून हाताला आलेली कारागिरी तिथे कामी आली.

एकाच जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या तारा घ्यायच्या, त्यातून वीज सोडायची आणि वर टांगलेली चुंबकसूची किती वळते ते पाहायचे, असा त्याचा प्रयोग. दिसायला सोपा, पण त्या काळच्या बॅटरीचा जोर चालू प्रयोगातच उतरत जाई. १८२५ साली त्याने घाईने एक सूत्र छापले, ते चुकीचे निघाले. नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी त्याला बॅटरी सोडून तापविद्युत जोड वापरायला सुचवले. ओमने बिस्मथ आणि तांबे जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्हींचे तापमान स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर. १८२६ मध्ये आकडे नीट जुळले. तारेची लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की घटतो. आणि विजेच्या दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. आपली चूक छापली गेल्यावरही तो प्रयोगाला चिकटून राहिला, हे मला त्याच्या नियमाइतकेच मोठे वाटते.

१८२७ मध्ये त्याने यावर ग्रंथ लिहिला. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल ही त्याची आशा होती. झाले उलटेच. निसर्गाचे नियम निव्वळ चिंतनाने सापडतात असे मानणाऱ्या विद्वानांनी त्याची टर उडवली. ग्रंथ गणिताने इतका जड केला होता की इतरांनीही तो बाजूला ठेवला. यात थोडा दोष ओमचाही. व्यथित होऊन त्याने १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. काही वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवण्यात गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला जागा मिळाली. मान आला तो परदेशातून: १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ज्यूलने तारेत किती उष्णता निर्माण होते त्याचा नियम मांडला. ज्या प्राध्यापकपदासाठी ओमने आयुष्य वेचले, ते म्यूनिकला १८५२ मध्ये मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. रोधाच्या एककाला त्याचे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत पक्के झाले.

हे वाचून मी वही उघडली. २३० मधून १९० गेले, उरले ४० व्होल्ट. ते वाटेतल्या तारेने खाल्ले. ४० ला १० ने भागले, तारेचा रोध ४ ओम. ४० ला १० ने गुणले, ४०० वॅट. म्हणजे पाणी न उपसता आमची वीज बांधावर नुसती तार तापवत होती! एक कोडे मात्र सुटेना. दाब कमी झाला तर ओमच्या हिशेबाने धाराही कमी व्हावी. मग मोटार जळते कशी? आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी ते सोडवले. मोटार म्हणजे साधी तार नव्हे. पाण्याचा भार तोच राहतो, म्हणून दाब पडला की ती जास्त धारा ओढते आणि तिचे वेटोळे तापते.

तार निम्म्या छेद-क्षेत्रफळाची, स्वस्तात घेतलेली होती. छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट असलेली तार घेतली तर रोध २ ओम, घट २० व्होल्ट, विहिरीवर साधारण २१०. हा हिशेब मी अण्णांपुढे ठेवला. आर्ट्सचे पोर विजेचे काय सांगणार, अशा नजरेने त्यांनी तो दोनदा पाहिला. कांदा विकल्यावर मात्र जाड तार आली. दिवाळीत घरी गेलो, तेव्हा मोटार चालू असताना मीटर २०८ दाखवत होता. माझ्या फीचा एक हप्ता तेवढा अजून बाकी आहे.