काळ्या यादीतले पांडुरंग खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्ध्याला झाला. गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि मेक्सिकोत नाव काढलेले कृषिशास्त्रज्ञ अशी त्यांची दुहेरी ओळख आपल्याकडे सांगितली जाते, आणि ती खरीच आहे. पण यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्या चरित्राकडे पुन्हा वळताना आम्हाला राहून राहून दुसरीच गोष्ट जाणवत होती. हा माणूस आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या देशाच्या वेशीवर उभा होता, आणि वेशीवरचे नियम त्याच्या डोळ्यांदेखत बदलत गेले.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेल्या पिढीतले ते. लष्करी विद्या आणि शेतीचे शास्त्र, दोन्ही शिकायचे या ओढीने त्यांनी विशीतच घर सोडले आणि जपानमार्गे अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठला. त्या काळी पासपोर्ट-व्हिसाचे आजच्यासारखे प्रस्थ नव्हते. बोटीचे भाडे, धडधाकट प्रकृती आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला पटेल असे उत्तर, एवढ्यावर बरेच जण उतरत. (होळकर-शिंद्यांच्या फौजांमागोमाग आपले पूर्वज नर्मदा ओलांडून माळव्यात आले, तेव्हा तर तेवढेही लागले नव्हते!)

खानखोजे विद्यार्थी होते. पडेल ते काम करून त्यांनी आधी लष्करी शाळेत आणि मग ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीचे शिक्षण घेतले. मात्र त्याच प्रदेशातल्या लाकूड गिरण्यांत पंजाबातून आलेले मजूर राबत होते, आणि त्यांचे दिवस बरे नव्हते. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने भारतीय मजुरांना राहत्या खोल्यांतून ओढून बाहेर काढले. दोन-चार दिवसांत जवळजवळ सगळे भारतीय गाव सोडून गेले. शेजारच्या कॅनडाने १९०८ साली नियम केला की, जन्मदेशातून वाटेत कुठेही न थांबता थेट येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, आणि भारतीयाच्या खिशात दोनशे डॉलर असले पाहिजेत. भारतातून थेट येणारी बोटच नव्हती. नियमात भारतीयांना बंदी असा शब्द कुठेही नाही, तरी बंदी पुरी. कायदा लिहिणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावी तर ती अशा जागी!

सुशिक्षित ब्राह्मण तरुणाला या मजुरांपासून लांब राहणे सहज जमले असते. खानखोजे त्यांच्यात मिसळले. तिथे त्यांना जे दिसले ते महत्त्वाचे वाटते. जपानी मजुरांवर संकट आले की जपानचे सरकार वॉशिंग्टनशी बोलणी करी. भारतीयांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. ते ज्या साम्राज्याचे प्रजाजन म्हणवले जात, त्याच साम्राज्याचा कॅनडा त्यांना दारातून परत लावत होता. १९१३ मध्ये सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्या पुढाकाराने गदर पक्ष उभा राहिला आणि त्याच्या लढाऊ शाखेचे काम खानखोजे यांच्याकडे आले. गदरच्या जन्माचे श्रेय केवळ देशभक्तीच्या शिकवणीला देण्याची आपली सवय आहे. आमच्या मते निम्मे श्रेय बंदरावरच्या त्या अधिकाऱ्यांना द्यायला हवे.

१९१४ च्या मे महिन्यात कोमागाता मारू ही बोट ३७६ प्रवाशांसह व्हँकूवरला पोहोचली. दोन महिने ती बंदरात अडकवून ठेवली आणि मोजके प्रवासी उतरवून परत धाडली. बजबज येथे पोहोचल्यावर त्यातल्या कित्येकांवर इंग्रज सरकारच्या गोळ्या चालल्या. त्याच सुमारास सरकारने भारतात प्रवेश करणाऱ्यांसाठी वटहुकूम काढला. परदेशातून परतणारा भारतीय आता आपल्याच बंदरावर संशयित ठरू लागला.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. बलुचिस्तानच्या सीमेवरची लढाई, जखमा, कैद, पलायन, वेष पालटून भटक्या टोळ्यांत काढलेले दिवस, पुढे बर्लिन आणि १९२१ मध्ये मॉस्को. हा भाग एखाद्या कादंबरीसारखा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून इथे लांबवत नाही.

मधल्या काळात अमेरिकेचे दार पुरते मिटले होते. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, त्यात भारतही, मजुरांसाठी वर्ज्य ठरवला. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला, आणि आधी नागरिक झालेल्यांचीही नागरिकत्वे काढून घेतली जाऊ लागली. मायदेशी परतावे तर तुरुंग. अशा वेळी १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत उतरले.

तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि शेतकऱ्याला जमीन देण्याचे वारे होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या संकरित वाणांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, डोंगराळ भागात येईल असा गहू शोधला. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. एका शाळेला शेतकरी नेता झापाता यांचे नाव होते. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत जे भित्तिचित्र रंगवले, त्यात सगळ्यांना भाकर वाटणारा माणूस म्हणजे आपले वर्ध्याचे खानखोजे. १९३६ मध्ये त्यांनी जाँ सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले. सावित्री आणि माया या त्यांच्या मुली.

देश स्वतंत्र झाला. तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडचे, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचे सरकार शेतीसुधारणेसाठी त्यांना बोलावते झाले. आणि आडवा आला तो व्हिसा. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत खानखोजे यांचे नाव होते. इंग्रज गेले, यादी मात्र कचेरीतच राहिली होती. ज्या देशासाठी चाळीसेक वर्षे परागंदा काढली, त्याच देशाच्या कारकुनाला ते अजून धोकादायक इसम दिसत होते. बरीच खटपट झाल्यावर १९४९ मध्ये त्यांना येता आले.

पुढे ते कुटुंबासह नागपुरातच स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तिथेच वारले.