रिकाम्या ट्रकचा हिशेब

इंजिनीअरिंग, बीबीए किंवा एमबीएला असाल, तर ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेमनं तुम्हाला कधीतरी घाम फोडलाच असेल. इतके कारखाने, इतकी गोदामं, मधला खर्च अमुक. आता सगळ्यात स्वस्तात माल पोहोचवून दाखवा. मग येते ती मोडी मेथड (मोडी लिपीशी काही संबंध नाही हं!). ओळींना 'यू', रकान्यांना 'व्ही' असे आकडे द्यायचे. का द्यायचे, हे विचारायच्या आत पेपर संपतो.

ही आकड्यांची कल्पना सगळ्यात आधी ज्यांना सुचली त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे लिओनिद कांतोरोविच. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा एकमेव सोव्हिएत नागरिक.

जन्म १९१२ चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील डॉक्टर, पण ते लवकर गेले. पोरगा चौदाव्या वर्षी लेनिनग्राडच्या विद्यापीठात गणित शिकायला गेला आणि बाविसाव्या वर्षी प्रोफेसर झाला. बाविसाव्या! आपण त्या वयात इंटर्नशिप शोधत असतो.

१९३८ मध्ये प्लायवूडवाले त्यांच्याकडे एक अडचण घेऊन आले. आठ यंत्रं, पाच प्रकारचं लाकूड. कुठल्या यंत्रावर कुठलं लाकूड किती वेळ चालवायचं? प्रश्न साधा दिसतो, पण शक्यता मोजायला बसलात तर आयुष्य जाईल. कांतोरोविच यांनी त्यावर नवी पद्धतच शोधली आणि १९३९ मध्ये छोटं पुस्तक काढलं. आज तिला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. त्याच पद्धतीनं मालवाहतूकही आखता येते, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

आता तुम्ही ट्रान्सपोर्टवाले आहात असं समजा. ट्रकनं एका गावी माल उतरवला, परतीचं भाडं नाही. सरळ घरी आणला तर ३०० किलोमीटर रिकामा. वाट वाकडी करून ४० किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी नेला, तर तिथं घराकडचा माल मिळतो. पण त्या ४० किलोमीटरची बिल्टी कुणाच्याच नावावर नाही. फक्त त्या टप्प्याकडं पाहिलं तर शुद्ध तोटा. डिझेल जाळलं, मिळालं काहीच नाही.

कांतोरोविच यांनी एक टप्पा बघण्याऐवजी सगळं जाळं एकत्र बघितलं. प्रत्येक ठिकाणाला एक आकडा द्यायचा, तिथं माल चढत-उतरत असो वा नसो. दोन ठिकाणांच्या आकड्यांतला फरक मधल्या वाहतूक खर्चापेक्षा जास्त नको आणि जिथून माल खरंच जातो तिथं बरोबर तेवढाच हवा. हे जुळलं की यापेक्षा स्वस्त आखणी नाही, हे सिद्ध होतं. रिकाम्या गाड्यांनाही हेच लागू. रिकामी गाडी हाच माल धरायचा. जिथं ती मोकळी होते तिथं पुरवठा, जिथं भरायची आहे तिथं मागणी. म्हणजे बिल्टी नसलेल्या थांब्यालाही किंमत असते. ती तिथून पुढं काय करता येतं, त्यावर ठरते.

मार्क गावुरिन यांच्यासोबत लिहिलेला मालवाहतुकीवरचा निबंध १९४० मध्ये तयार होता. छापून आला १९४९ मध्ये.

मधल्या काळात युद्ध आलं. सप्टेंबर १९४१ पासून लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा. नोव्हेंबर-डिसेंबरात मुलांना आणि कारखान्यात नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव, बस. शहरात धान्य यायची वाट उरली ती लादोगा तलावाच्या गोठलेल्या पाण्यावरून. आधी घोड्यांच्या घसरगाड्या, मग दीड टनी ट्रक. कांतोरोविच तेव्हा लष्करी अभियांत्रिकी संस्थेत शिकवत होते. बर्फाची जाडी आणि थंडी पाहून दोन ट्रकमध्ये किती अंतर ठेवायचं, याचं गणित त्यांनी मांडलं. ते स्वतः बर्फावर ट्रकांच्या मधून चालत गेले, असंही सांगतात. हिशेब चुकला तर ट्रक, ड्रायव्हर आणि पीठ, सगळं तळाला. बॉम्बहल्ल्यांपुढं अर्थात कुठलंच गणित चालत नव्हतं.

या बर्फावरचं परतीचं भाडं म्हणजे माणसं. पीठ उतरवून मोकळ्या झालेल्या ट्रकांतून उपाशी लोक बाहेर काढले गेले. त्या एका हिवाळ्यात पाच लाखांहून जास्त.

कांतोरोविच यांना पुढचा धोका मात्र घरच्यांकडूनच होता. टंचाई आणि उपयोग पाहून किंमत ठरवायची म्हणजे वस्तूची किंमत तिच्यातल्या श्रमावरून ठरते, या सरकारी सिद्धांतालाच धक्का. १९४२ मध्ये लिहिलेलं त्यांचं मोठं पुस्तक नियोजन मंडळानं नाकारलं. स्टालिनच्या राज्यात हट्ट धरला असता तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. त्यांनी अर्थशास्त्र बाजूला ठेवलं आणि गणित केलं. पुस्तक छापलं गेलं १९५९ मध्ये, स्टालिन गेल्यावर सहा वर्षांनी. मला विचाराल तर ही सतरा वर्षंही रिकाम्या खेपेसारखीच. कागदावर काही नाही, पण माणूस रस्त्यावर होता.

गंमत म्हणजे युद्धाच्याच काळात वॉशिंग्टनमध्ये चालिंग कूपमन्स हा डच माणूस मालवाहू जहाजांचं हेच कोडं सोडवत होता. जहाज कुठं रिकामं होतं, त्यावर त्या फेरीचा खरा खर्च ठरतो. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. पुढं १९३९ चं ते पुस्तक १९६० मध्ये इंग्रजीत आलं, तेही कूपमन्स यांच्याच प्रयत्नांनी. १९७५ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

टॅक्सीच्या भाड्यावरही कांतोरोविच यांनी काम केलं. बसल्याबसल्या ठरावीक रक्कम आणि पुढं किलोमीटरला कमी दर, म्हणजे जवळचं भाडंही ड्रायव्हरला परवडेल. रिक्षावाल्यानं जवळचं भाडं नाकारलं की तुम्ही चिडता ना, त्याच दुखण्यावरचा हा इलाज. १९८६ मध्ये मॉस्कोत ते वारले.