चेलो सोडावा लागलेला मुलगा : चार्ल्स मिंगस

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण इलेक्ट्रिक बास गिटार वाजवतात. जॅझ बँडमध्ये जायचे ठरले की हातात डबल बास येतो आणि घरी कुरकुर सुरू होते. चारही तारा त्याच सुरांच्या, मग बेसूर का वाजते? कारण गिटारला सतारीसारखे पडदे असतात. डबल बासला ते नसतात. शिवाय गिटारची तार 34 इंचांची, तर डबल बासची 42 इंचांच्या आसपास. त्यामुळे ओळखीचा प्रत्येक सूर थोडा सरकलेला असतो आणि कानानेच शोधावा लागतो. असेच आपले वाद्य सोडून डबल बासकडे वळलेल्या चार्ल्स मिंगसची ही गोष्ट. त्याने मात्र ते हौसेने निवडले नव्हते.

चार्ल्सचा जन्म 22 एप्रिल 1922 रोजी ॲरिझोनातील नोगालेस येथे झाला. वडील लष्करात होते. आई काही महिन्यांतच वारली आणि तो लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सावत्र आईजवळ वाढला. घरात फक्त चर्चचे संगीत चाले. ड्यूक एलिंग्टनचा बँड त्याने रेडिओवर ऐकला आणि त्याला वेड लागले.

तो आधी ट्रॉम्बोन शिकला, मग चेलो. चेलोवर त्याचा जीव होता. पण त्या काळी कृष्णवर्णीय मुलाला सिम्फनी ऑर्केस्ट्रात कोण घेणार? बडी कोलेट या मित्राने हायस्कूलमध्येच त्याला ते स्पष्ट सांगितले आणि डबल बास घ्यायला लावले. बास वाजवणाऱ्याला नाचगाण्याच्या बँडमध्ये काम तरी मिळे.

हा बदल सोपा नव्हता. आपल्या भाषेत सांगायचे तर चेलोच्या शेजारशेजारच्या तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते, डबल बासच्या तारांत षड्ज-मध्यमाचे. म्हणजे हाताला बसलेली सगळी वळणे मोडायची. चार्ल्सने आधी रेड कॅलेंडर यांच्याकडे धडे घेतले आणि नंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या हर्मन राइन्शागेन यांच्याकडे पाच वर्षे रियाज केला. जिथे त्याला प्रवेश नव्हता, तिथलीच विद्या त्याने अशी मिळवली. बासने मागे उभे राहून नुसता ठेका धरायचा, असा तेव्हा रिवाज होता. मिंगसचा बास मात्र पुढे येऊन गाऊ लागला. मला त्यात त्याचा चेलोच ऐकू येतो.

लुई आर्मस्ट्राँग, लायोनेल हॅम्प्टन अशा मोठ्या लोकांबरोबर तो वाजवू लागला. तरी पैसे पुरत नसत आणि मधूनमधून पोस्टात नोकरी करावी लागे. 1952 साली त्याने ड्रमवादक मॅक्स रोचबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. 1953 मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, रोच आणि मिंगस एकत्र वाजले. त्या ध्वनिमुद्रणात बास नीट आला नव्हता. मिंगसने नंतर स्टुडिओत आपला भाग पुन्हा वाजवून त्यावर चढवला. आम्हा इंजिनिअर लोकांना हा उद्योग फार आवडतो!

त्याचा राग मात्र भयंकर होता. 1953 मध्येच त्याला एलिंग्टनच्या बँडमध्ये जागा मिळाली आणि एका वादकाशी भांडण झाल्यामुळे काही दिवसांतच गेली. 1962 साली त्याने आपल्याच बँडमधल्या जिमी नेपरला ठोसा मारला. नेपर ट्रॉम्बोन वाजवायचा. त्याचा दात तुटला आणि वाजवणे बिघडले. मोठा कलावंत म्हणून हे झाकून ठेवू नये.

पण काही राग योग्य जागीही गेला. 1957 साली आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर फॉबस याने नऊ कृष्णवर्णीय मुलांना लिटल रॉकच्या शाळेत येऊ न देण्यासाठी सैनिक उभे केले. मिंगसने त्याची टर उडवणारी रचना केली. 1959 च्या रेकॉर्डवर ती नुसत्या वाद्यांवर आली, शब्दांसह 1960 मध्ये. आणि 1962 साली, ज्याने त्याला काढले होते, तोच एलिंग्टन पियानोवर बसला आणि दोघांनी रोचला घेऊन एक रेकॉर्ड केली.

1977 च्या अखेरीस मिंगसला एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार असल्याचे कळले. बास हातातून गेला. मग तो टेपरेकॉर्डरपुढे गुणगुणून रचना करू लागला. जून 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझचा कार्यक्रम ठेवला. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मिंगससाठी सगळे उभे राहिले, तेव्हा त्याला रडू आवरेना. 5 जानेवारी 1979 रोजी मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका येथे तो वारला. वय अवघे 56. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी सू यांनी अस्थी भारतात नेऊन गंगेत सोडल्या.

बास वाजवणाऱ्या मुलांनी त्याची 1957 ची ‘हेशियन फाइट साँग’ जरूर ऐकावी. सुरुवातीला काही वेळ फक्त बासच वाजतो. आईबाबांनीही तेवढा वेळ गप्प बसावे.