मधपेटीच्या चौकटीमागचा माणूस : लोरेन्झो लँगस्ट्रॉथ आणि थंडीतल्या मधमाश्या

डिसेंबर-जानेवारीत सोलापूर जिल्ह्यात करडई फुलू लागते, ज्वारी निसवलेली असते आणि डाळिंबाच्या आंबे बहाराची तयारी सुरू होते. याच दिवसांत बांधाबांधांवर मधपेट्या दिसतात. पेटीचे झाकण उघडले की आत दहा चौकटी ओळीने उभ्या. त्यातली हवी ती चौकट उचलायची, अंडी-अळ्या पाहायच्या, मध किती आहे ते पाहायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायची. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्यामागे कोणाचे डोके असेल असा प्रश्नही पडत नाही. मेलिफेरा जातीच्या माश्यांसाठी आपल्याकडे जी पेटी वापरली जाते तिला लँगस्ट्रॉथ पेटी म्हणतात. अनेकांना हे एखाद्या कंपनीचे नाव वाटते. ते एका माणसाचे नाव आहे आणि त्या माणसाची निम्मी धडपड थंडीत मरणाऱ्या वसाहती वाचवण्यासाठी होती.

लोरेन्झो लोरेन लँगस्ट्रॉथ यांचा जन्म 25 डिसेंबर 1810 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. लहानपणापासून किड्यामुंग्यांचे वेड. खडीच्या वाटेवर गुडघे टेकून तासन्‌तास मुंग्या पाहत बसल्यामुळे विजारी फाटत आणि त्यासाठी घरात मारही बसे. येल विद्यापीठातून ते 1831 मध्ये पदवीधर झाले, काही काळ तिथेच शिकवले आणि पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यात चर्चचे धर्मोपदेशक झाले. कीटकांचे वेड मागे पडले होते. ते परत जागे झाले 1838 मध्ये. एका मित्राच्या घरी टेबलावर काचेच्या मोठ्या भांड्यात मधाने भरलेले पोळे ठेवलेले त्यांनी पाहिले. मित्राने त्यांना माळ्यावर नेऊन माश्या दाखवल्या. लँगस्ट्रॉथ घरी परतले ते दोन वसाहती विकत घेऊनच.

त्या काळी मधमाशीपालन म्हणजे काय होते हे समजून घ्यायला हवे. माश्या गवताच्या टोपलीत किंवा साध्या लाकडी खोक्यात ठेवत. पोळी खोक्याच्या छताला आणि भिंतींना चिकटलेली असत. आत राणी आहे की नाही, मध संपला का, रोग आहे का, काही कळायला मार्ग नव्हता. मध काढायचा तर पोळी कापायची. हिवाळ्याच्या तोंडावर पाळक टोपल्या उचलून वजनाचा अंदाज घेत. जड टोपलीत मध भरपूर म्हणून तिच्याखाली गंधक जाळून माश्या मारत. हलकी टोपली थंडीत टिकणार नाही म्हणून तीही मारत. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी ठेवत. आपल्याकडे आग्या मोहोळाखाली रात्री टेंभा धरून माश्या जाळण्याची पद्धत अजूनही कुठेकुठे दिसते. त्यामुळे त्या काळच्या लोकांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

सुधारणेचे प्रयत्न सुरू होते. स्वित्झर्लंडमधील अंध संशोधक फ्रान्स्वा ह्युबर यांनी आपल्या मदतनिसाच्या डोळ्यांनी माश्यांचा अभ्यास केला होता आणि पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी बनवली होती. युरोपात सायलेशियातील योहान झिएरझोन यांनी वरून सुट्या पट्ट्या बसवलेली पेटी केली. पण पट्टीवरचे पोळे दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटायचे, ते सुरीने सोडवावे लागे. ह्युबर यांचे लिखाण लँगस्ट्रॉथ यांनी बारकाईने वाचले होते आणि स्वतः पट्ट्यांच्या पेट्या वापरून ते त्याच अडचणीत सापडले होते.

आधी त्यांनी एक छोटा बदल केला. झाकण पट्ट्यांवर घट्ट बसायचे आणि माश्या ते चिकट डिंकाने, म्हणजे प्रोपोलिसने, जोडून टाकायच्या. 1851 मध्ये त्यांनी झाकण आणि पट्ट्या यांच्यात तीन-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर, मोकळी जागा ठेवली. माश्यांनी ती जागा ना डिंकाने भरली, ना तिथे पोळे बांधले. त्या तिचा जाण्या-येण्यासाठी रस्ता म्हणून वापर करू लागल्या. मग 30 ऑक्टोबर 1851 रोजी त्यांच्या मनात प्रश्न आला: हीच मोकळी जागा पोळ्याच्या दोन्ही बाजूंना आणि खालीही ठेवली तर? म्हणजे पट्टीऐवजी चारी बाजूंची पूर्ण चौकट करायची आणि ती पेटीच्या भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर टांगायची. चौकट कुठेच चिकटणार नाही, सुरी लागणार नाही, माश्या चिडणार नाहीत.

एवढेच. शोध म्हणावा तर तो मोकळ्या जागेचा आहे. जागा सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर माश्या ती डिंकाने बुजवतात, दहा मिलिमीटरच्या पुढे गेली तर तिथे वेडीवाकडी पोळी बांधतात. या पेटीला 5 ऑक्टोबर 1852 रोजी पेटंट मिळाले आणि 1853 मध्ये मधमाशी व पेटी यावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. हस्तलिखिताची स्वच्छ प्रत काढण्याचे काम पत्नी अ‍ॅना यांनी केले. सुधारित आवृत्त्यांच्या रूपात ते पुस्तक पुढे कित्येक पिढ्या वापरात राहिले.

थंडी मारत नाही, ओल आणि उपासमार मारते

लँगस्ट्रॉथ जिथे राहत तिथे काही महिने बर्फ असे. एकही फूल नाही, माशी बाहेर पडू शकत नाही. मधमाशी थंडीत झोपत नाही. सगळ्या माश्या पोळ्यांवर एकमेकींना बिलगून गोळा करतात, मध खातात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता तयार करतात. बाहेरच्या कडेच्या माश्या आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. मोठा गोळा कमी मधात ऊब धरतो. लहान गोळ्याला मात्र प्रत्येक माशीमागे जास्त मध जाळावा लागतो.

चौकटी उचलता येऊ लागल्यावर हिवाळ्यानंतर मेलेल्या वसाहती नीट तपासता आल्या. निरीक्षणातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, माश्यांच्या श्वासातून निघणारी वाफ थंड झाकणाखाली जमते आणि थेंब होऊन गोळ्यावरच पडते. कोरडी माशी बरीच थंडी सोसते, भिजलेली सोसत नाही. म्हणून ओलसर हवा वरून बाहेर जाईल अशी सोय त्यांनी सुचवली. दुसरी गोष्ट अधिक चटका लावणारी. बाजूच्या पोळ्यात मध असतानाही माश्या उपाशी मरत, कारण कडाक्याच्या थंडीत गोळा सोडून पोळ्याला वळसा घालून पलीकडे जाणे त्यांना जमत नसे. यासाठी पोळ्यांच्या मध्यभागी भोक ठेवून हिवाळी वाट करण्याचा उपाय त्यांनी सांगितला. या सगळ्याच्या वर त्यांचा आग्रह एकाच गोष्टीवर होता, वसाहत बलवान ठेवण्यावर. हा नियम आपला नाही, बोहेमियातील एका पाळकाचा आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले.

पेटंटने त्यांना श्रीमंत केले नाही. पेटी इतकी सोपी होती की कोणताही सुतार पाहून बनवू शकत होता, आणि बनवलीही. थोडेफार बदल करून अनेकांनी आपल्या नावाने विकली. लँगस्ट्रॉथ कोर्टात गेले, त्यात पैसा आणि तब्येत दोन्ही गेले. त्यांना तरुणपणापासून नैराश्याचे झटके येत. महिनोन्‌महिने ते अंथरूण धरत, आणि अशा काळात ज्या माश्यांवर त्यांनी जीव लावला त्यांचे नावही त्यांना नको होई. झटका ओसरला की माणूस पुन्हा पूर्वीसारखा उत्साही. 1858 मध्ये ते ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड गावी राहायला गेले, तिथे मुलगा जेम्स यांच्यासोबत इटालियन जातीच्या राण्या वाढवून विकल्या. 1870 मध्ये जेम्स गेले, 1873 मध्ये अ‍ॅना गेल्या. त्यानंतर व्यवसाय हळूहळू सुटला. 6 ऑक्टोबर 1895 रोजी डेटन शहरातील एका चर्चमध्ये प्रवचनाला उभे असतानाच त्यांचे निधन झाले. वय 84.

तोपर्यंत त्यांच्या चौकटीभोवती बाकीची साधने उभी राहिली होती. 1857 मध्ये जर्मनीत योहानेस मेहरिंग यांनी मेणपत्रा तयार केला. 1865 मध्ये फ्रान्झ ह्रुश्का यांनी मधयंत्र केले. चौकट सुटी नसती तर यातले काहीच उपयोगी पडले नसते.

सोलापूरच्या बांधावर

आपल्या सातेरी माशीला मूळ लँगस्ट्रॉथ पेटी मोठी पडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत न्यूटन नावाच्या पाद्रींनी याच तत्त्वावर लहान पेटी तयार केली. सातेरी लहान, म्हणून मोकळी जागाही थोडी कमी. मेलिफेरा भारतात 1960 च्या दशकात हिमाचल आणि पंजाबात रुजली. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 ची. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचे नाव राज्यातील बहुतेक पाळकांना माहीत आहे.

आपल्याकडे बर्फ नाही. उलट सोलापुरात थंडीचे दिवस हे फुलोऱ्याचे दिवस आहेत आणि माश्यांची खरी कसोटी एप्रिल-मेच्या उन्हात व भर पावसात लागते. मग लँगस्ट्रॉथ यांच्या हिवाळ्याशी आपला काय संबंध? संबंध असा की आपल्या राण्या थंडीतही अंडी घालत राहतात. पिल्लांना 34-35 अंश तापमान लागते. रात्री पारा 12-13 अंशांवर उतरला की कमी माश्यांची वसाहत सगळ्या पिल्लांना ऊब देऊ शकत नाही. कडेची पिल्ले गारठून मरतात. सकाळी दारासमोर पांढरट अळ्या पडलेल्या दिसल्या तर गारठा हे एक कारण असू शकते. दुपारी माश्या जोरात काम करताना दिसतात म्हणून पाळकाच्या हे लक्षात येत नाही. त्यातून परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षी रब्बीचा फुलोराही तोकडा. ज्वारीत पराग मिळतो, मकरंद मिळत नाही. हिरवेगार शिवार पाहून पेटीत मध असेलच असे धरू नये.

करायचे ते सगळे चौकट हलवता येते म्हणूनच करता येते. माश्या पाच चौकटी झाकत असतील तर रिकाम्या चौकटी काढून घ्या, पिल्लांच्या चौकटी मध्ये एकत्र ठेवा, त्यांना लागून मधाच्या चौकटी द्या आणि उरलेली जागा लाकडी फळीने बंद करा. आतल्या झाकणावर कोरडे गोणपाट टाका. प्लास्टिकचा कागद थेट चौकटींवर टाकू नका, त्याखाली पाणी सुटते. प्रवेशद्वार लहान करा पण हवा कोंडू देऊ नका. पेटी किंचित पुढे झुकलेली असावी, म्हणजे आतले पाणी बाहेर येते. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवले तर सकाळचे ऊन मिळते. वाऱ्याच्या बाजूला कडब्याची गंजी किंवा शेवरीची ओळ असली तर उत्तम.

तपासणी सकाळी अकराच्या आधी नको. पिल्लांची चौकट हातात धरून गप्पा मारत उभे राहण्याची सवय अनेकांना असते, ती या दिवसांत मोडावी. मध कमी असेल तर साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक करा आणि संध्याकाळी आतच द्या. दिवसा दिला, किंवा बाहेर सांडला, तर शेजारच्या पेट्यांच्या माश्या लूट सुरू करतात. तीन चौकटींवर आलेली वसाहत एकटी ओढत नेण्यापेक्षा जानेवारीच्या आधी दुसरीत मिसळलेली बरी. अशा वेळी दोन राण्यांपैकी जुनी, कमी अंडी घालणारी राणी काढावी लागते. मन धजत नाही, पण दोन कमजोर वसाहतींपेक्षा एक दणकट वसाहत डाळिंबाच्या फुलांवर जास्त काम करते. बागायतदाराशी फवारणीचे वेळापत्रक आधीच ठरवा. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळावे, अगदीच गरज पडली तर माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी फवारावे.

नवी पेटी घेताना मात्र सोबत पट्टी ठेवा. स्वस्तातल्या पेट्यांत लाकूड ओले असते, वाळले की मापे बिघडतात. चौकटीची वरची पट्टी सुमारे 482 मिलिमीटर असते. चौकट टांगून भिंत आणि बाजूपट्टी यांतले अंतर दोन्हीकडे मोजा, आठ-नऊ मिलिमीटर आले पाहिजे. चौदा-पंधरा आले तर तिथे आडवी पोळी बांधली जाणार, चौकट उचलताना ती फाटणार, आणि थंडीच्या सकाळी राणी चिरडण्याची वेळ येणार. ती पेटी दुकानातच परत करा.